सहकार्यात बाराच्या बारा नापास

आधी चहा संपवून घ्या. ऐकताना कप हातात राहिला तर सांडेल, आणि सतरंजी नवी आहे.

माझी फजिती झाली असे प्रसंग आयुष्यात पुष्कळ आहेत, पण ते सगळे सुटे सुटे. एखादा लग्नातला, एखादा बँकेतला. हा जो सांगतो आहे, त्यात मी दोन आठवडे, रोज, वेळापत्रक लावून मूर्ख ठरलो. आणि गंमत अशी की मला वाटत होतं, मी फार हुशारीचं काम करतो आहे.

मी चित्रकलेचा मास्तर. नागपूरच्या पूर्वेकडच्या शहापूरच्या पुढे हायवेला लागून आमचं एक छोटंसं कला महाविद्यालय आहे, तिथे शिकवतो. एक हॉल, दोन वर्ग, एक नळ. मागच्या वर्षी आमच्या प्राचार्या खोब्रागडे मॅडमनी मला नागपूरला दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं. विषय होता, कला आणि डिझाइनच्या शिक्षणात सहकार्याचं मूल्यमापन. म्हणजे असं की पोरं गटात काम करतात, शेवटी चित्र एकच तयार होतं, पण त्यात घाम कोणी गाळला आणि नुसता चहा कोणी ढोसला, हे मास्तराने ओळखायचं कसं? प्रश्न चांगला आहे की नाही? मीही तेच म्हटलं. नवा शिकलेला डॉक्टर जसा दिसेल त्याला सुई टोचायला बघतो, तसा मी नागपूरहून परत आलो.

शेवटच्या वर्षाला बारा विद्यार्थी होते. मी त्यांचे तीन-तीनचे चार गट पाडले आणि काम दिलं नाटकाच्या पडद्यांचं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, दिवाळी झाली की गावोगाव नाटकं लागतात, तेव्हा एका गावच्या मंडळाला चार पडदे हवेच होते. एका गटाला जंगल, दुसऱ्याला महाल, तिसऱ्याला रस्ता, चौथ्याला झोपडी. मांजरपाटाचा एकेक पडदा वीस फूट लांब आणि बारा फूट उंच. पन्नास गुण चित्राला, पन्नास गुण सहकार्याला, आणि दोन्हीत वेगवेगळं पास होणं सक्तीचं.

मग मी गुणांचा कागद केला. ऐकून घेणं, जबाबदारी वाटून घेणं, मतभेद मिटवणं, एकमेकांविषयी लेखी मत देणं. इथपर्यंत सगळं कार्यशाळेतलं होतं. पण माणसाला आपल्या पदरचं थोडं घातल्याशिवाय चैन पडत नाही. मी खाली लाल शाईने, सहीनिशी, एक नियम लिहिला: दुसऱ्या गटाची मदत घेतल्यास मदत घेणाऱ्या गटाला सहकार्यात शून्य.

आता तुम्ही म्हणाल, सहकार्यात मदत घेतली म्हणून शून्य, हे तुम्हाला लिहिताना खटकलं नाही का? नाही खटकलं. मला तर तो नियम लिहून झाल्यावर फार बरं वाटलं होतं.

या बारा जणांत एक होती वंदना कापगते, साकोलीकडच्या एकोडीची. बाकीच्यांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. बारावीनंतर घरच्या धानाच्या शेतीत राबली आणि मग हट्टाने कॉलेजात आली. सगळे तिला वंदनाताई म्हणत. साकोलीकडच्या एका शाळेत चित्रकला शिक्षिकेची जागा तिच्यासाठी थांबवून ठेवली होती. मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, निकाल घेऊन ये आणि रुजू हो. निकाल यंदाच लागायला हवा होता, पुढच्या वर्षी जागा राहिली नसती. हे मला माहीत होतं. हेही सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझी कीव करू नका.

काम सुरू झालं. मी रोज वही घेऊन हॉलच्या खिडकीबाहेर उभा राहायचो, कारण कार्यशाळेत सांगितलं होतं की निरीक्षण नैसर्गिक वातावरणात करावं. त्या खिडकीतून पडद्याचा एक कोपरा तेवढा दिसायचा. तिसऱ्या दिवशी बघतो तर जंगलाच्या पडद्यावर रोशन मेश्राम आभाळ रंगवतो आहे. रोशन तर महालाच्या गटातला. आणि वंदनाच्या जंगलगटातला चेतन भुरे कुठेच दिसत नाही.

माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. चेतनचं आणि वंदनाचं बिनसलं असणार. चेतन रुसून गेला असणार आणि वंदनाने रोशनला धरून आणलं असणार. मतभेद मिटवण्याचे दहा गुण होते. मी दोघांना स्टाफरूममध्ये बोलावलं.

"बसा. मला सगळं समजलं आहे."

"काय समजलं जी सर?" चेतनने विचारलं.

"तुमचं भांडण."

"आमचं? आमी तं भांडलोच नाही," वंदना म्हणाली.

"मग रोशन तुमच्या पडद्यावर काय करत होता?"

इथे दोघं एकदम गप्प झाली. का गप्प झाली, ते मला आज कळतं. त्यांना लाल शाईचा नियम आठवला होता. तेव्हा मला वाटलं, पकडले गेले.

चेतनने जरा विचार केला आणि मान खाली घातली. "हाव जी सर. भांडलो."

"कशावरून?"

"कायच्यावरून भांडलो वो ताई आपण?" त्याने वंदनाला विचारलं.

"मोहाच्या झाडावरून," वंदना म्हणाली. "मी म्हणलं झाड डावीकडे पाहिजे, हा म्हणे उजवीकडे."

"एवढंच ना? मग मधोमध काढा," मी म्हणालो. दोघांना हात मिळवायला लावलं आणि वहीत लिहिलं, शिक्षकाच्या मध्यस्थीने मतभेद दूर. त्या पडद्यात आजही पायवाट सरळ मोहाच्या बुंध्यावर जाऊन आदळते.

दुसऱ्या दिवशी वंदना रस्त्याच्या पडद्यावर दिसली. त्याच्या दुसऱ्या दिवशी झोपडीवाला एक जण महालावर. मला वाटलं, भांडणांची साथच आली आहे कॉलेजात. मी रोज एक जोडी बोलावून समेट घडवायला लागलो. पोरंही इतकी सरावली की एक जोडी तर दारात येऊन म्हणाली, "सर, आज आमची पाळी हाये का? चहा पिऊन येतो मग." भांडणाचं कारण ती दारातच ठरवून येत. मला वाटायचं, काय मोकळी होऊन राहिली मुलं.

मग आलं लेखी मत. प्रत्येकाने आपल्या गटातल्या दोघांना दहापैकी गुण द्यायचे, चिठ्ठीवर, गुपचूप. आता आमच्याकडे काय आहे, एखाद्याबद्दल काही लिहून दिलं म्हणजे ती तक्रार. तोंडाने माणूस मित्राला हजार शिव्या देईल, पण लिहून देणार नाही. लिहिलेलं गावच्या तंटामुक्ती समितीपुढे जातं, दोन्हीकडच्या पाव्हण्यांना बोलावतात आणि मग दोन पिढ्या बोलणं बंद. चिठ्ठ्या उघडल्या तर सगळ्यांनी सगळ्यांना दहापैकी दहा दिलेले. चेतनने वंदनाला दहापैकी बारा दिले होते.

इथे मला पहिल्यांदा संशय आला. इतकी भांडणं आणि गुण मात्र पैकीच्या पैकी?

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अर्धा तास आधी पोचलो आणि हॉलचं दार एकदम उघडलं. महालाचा पडदा जमिनीवर पसरलेला. त्यावर बाराच्या बारा जण. एका ओळीत उकिडवे बसलेले, हातात ब्रश, महालाच्या भिंतीच्या विटा रंगवत मागे मागे सरकत होते. कोणीतरी गाणं म्हणत होतं आणि बाकीचे साथ देत होते. ओळीच्या टोकाला वंदना. ती थांबली की सगळे थांबत, ती सरकली की सगळे सरकत. बाकीचे तीन पडदे कोपऱ्यात घडी करून ठेवलेले. त्यातले दोन पूर्ण झालेले दिसत होते.

मला बघून गाणं बंद झालं.

"हे काय चाललं आहे?" मी विचारलं.

रोशन म्हणाला, "सर, विटा करून राहिलो."

म्हणजे भांडण नव्हतंच. इतके दिवस मी ज्यांचे समेट घडवले, त्यांच्यात वैर कधी नव्हतंच. आता खरं म्हणजे मला हसू यायला हवं होतं. पण मला आला राग. माझे समेट वाया गेले याचा राग. मी तडक स्टाफरूममध्ये गेलो आणि कागद तयार केला. प्रत्येक गटाने दुसऱ्या गटाची मदत घेतली, सबब सहकार्य: शून्य. बारा नावं, बारा शून्यं. खाली झोकदार सही केली आणि तो नोटीस बोर्डावर लावला.

दुपारी चेतन आला. "सर, माह्यं शून्य राहू द्या. मी पुढच्या वर्षी बसतो, मले काही घाई नाही. वंदनाताईले तेवढं पास करा."

मग रोशन आला. तोही तेच म्हणाला. मग रस्ता, मग झोपडी. कॉलेज सुटेपर्यंत अकरा जण येऊन गेले. अकरा जण नापास व्हायला तयार आणि मागणं एकच. सगळ्यात शेवटी वंदना आली.

"सर, माह्या एकटीसाठी काही करू नका. करायचं असन तं साऱ्याइले करा, नाही तं राहू द्या," म्हणाली आणि निघून गेली. डोळे लाल होते तिचे.

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. घरी जेवण गेलं नाही. पण सही केलेला कागद फाडायचा कसा? मास्तराचा स्वभाव असतो. फळ्यावर चुकीचं लिहिलं तरी तो आधी खडूकडे बघतो.

दुसऱ्या दिवशी खोब्रागडे मॅडमनी बोलावलं. समोर माझा कागद.

"गभणे सर, अकरा मुलं एकीसाठी वर्ष सोडायला तयार आहेत, आणि तुम्ही म्हणता यांच्यात सहकार्य नाही?"

"मॅडम, तो निकष वेगळा आहे. तो माझ्या कागदात नाही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चष्मा काढतात तेव्हा समजावं, आता वाद घालण्यात अर्थ नाही. मी घाईने सवलत जाहीर केली: परवा बाहेरचे परीक्षक येणार आहेत, त्यांच्यासमोर पडदे टांगायचे आहेत. त्या वेळी प्रत्येक गटाने आपला पडदा आपणच टांगला, दुसऱ्याची बोटभर मदत घेतली नाही, तर शून्यावर फेरविचार करू. एक गट चुकला तरी बाराही शून्यं कायम.

पोरांनी ते इतकं मनावर घेतलं की परीक्षेच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये चार गट चार कोपऱ्यांत उभे. मधे पाय सुद्धा कोणी टाकेना. वंदनाची नोकरी त्या नियमावर होती ना. "आज चूक नाही होणार जी सर," चेतन मला म्हणाला.

परीक्षक ऑफिसात चहा घेत होते. मी म्हटलं, ते येण्याआधी एक पडदा वर असावा. पहिला महाल. पडद्याच्या वरच्या आणि खालच्या काठाला लांब बांबू शिवलेले. छताच्या आडव्या पाइपवरून दोन दोऱ्या टाकलेल्या. रोशन एका दोरीला, एक दुसऱ्या दोरीला, आणि तिसरा काठीने मधून बांबू वर ढकलतो आहे. आता वीस फुटांचं रंगवलेलं मांजरपाट तिघांनी टांगायचं? साध्या नजरेने दिसतं की हे होणार नाही. मी मात्र नियमाच्या नजरेने बघत होतो. डावी बाजू वर गेली, उजवी राहिली, महाल तिरपा झाला. "थांबा, थांबा, मधे उंच करा," म्हणत मी पडद्याखाली शिरलो. आणि डावी गाठ सुटली.

बांबू डोक्याच्या वीतभर बाजूने गेला, ही माझ्या आईवडिलांची पुण्याई. पण कापड सगळं माझ्यावर. खालच्या बांबूने पायाला विळखा घातला, मी बसकण मारली आणि अख्खा महाल माझ्यावर येऊन बसला. आत काळोख, नाकात सरसाचा वास.

"अरे, उचला," मी आतून ओरडलो.

खेचाखेच झाली. रोशनचा आवाज आला, "सर, दोन्ही बांबू एकमेकात फसले. तिघाइच्यानं नाही होऊन राहिलं."

"मग बाकीचे काय करताहेत?"

"उभे हाओ जी सर," चेतन म्हणाला.

"उभे काय राहता? हात लावा."

चेतन अत्यंत आदराने म्हणाला, "सर, आमी जंगल हाओ. महालाले हात लावला तं शून्य भेटते."

मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी आतल्या काळोखात मला तो लाल नियम डोळ्यांसमोर स्पष्ट दिसला. अक्षर सुंदर होतं.

"नियम रद्द," मी ओरडलो.

"लिहून देता का जी सर?" चेतनने विचारलं. तो थट्टा करत नव्हता हो, तो घाबरला होता. एका चुकीने ताईची नोकरी जायची.

तेवढ्यात दारातून एक अनोळखी, भारदस्त आवाज आला. "इथे काय चाललं आहे?"

आणि खोब्रागडे मॅडमचा आवाज, शांत. "सहकार्याचं मूल्यमापन, सर."

मग वंदना बोलली. "जाऊ द्या ते शून्य. माणूस हाये आत." तिची पावलं ऐकू आली आणि पडद्याची एक कड वर उचलली गेली. तिच्यामागून सगळे आले असावेत, कारण दुसऱ्या क्षणी महाल माझ्यावरून असा उठला की त्याला वजनच नव्हतं. बारा जण, दोन्ही बाजूंनी, एका दमात. मी बाहेर आलो तर रंगात तो पकडून ठेवणारा सरस कमी पडला होता, हे माझ्या पांढऱ्या शर्टावर दिसत होतं. पोटावर विटांच्या दोन ओळी अगदी सुबक उमटल्या होत्या.

परीक्षक साठीच्या पुढचे, फार कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं, मग पोरांकडे.

"बारा जण एकाच पडद्यावर कसे?"

वंदनाने सांगितलं. "सर, हॉल एकच हाये. पडदा एकच पसरते. तिघं तिघं बसलो असतो तं एकाचाही पुरा झाला नसता. रोवण्यात नाही का, एकाच्या बांधीत तिघंच उतरले तं पऱ्हे वाळून जातेत. म्हणून आज तुमच्या बांधीत सारे, उद्या आमच्या बांधीत सारे. आमी तसाच केला."

तुम्ही शहरातले असाल तर सांगतो, रोवणा म्हणजे धानाची लावणी. पऱ्हे म्हणजे रोपं, बांधी म्हणजे शेताचा तुकडा. बायका एका ओळीत वाकून, गाणं म्हणत, मागे मागे सरकत रोवतात. आणि मी काही शहरातला नाही. माझं घर पवनीकडच्या कोंढ्याचं. लहानपणी गुडघाभर चिखलात उभं राहून मी स्वतः पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकल्या आहेत. आमच्या बांधीत उतरलेल्या शेजारच्या बायकांना माझ्या आईने जेवायला वाढलेलं मी बघितलं आहे. आणि तीच ओळ हॉलमध्ये विटा रंगवताना बघून मी बारा शून्यं लिहिली. मला लाज वाटली. इतकी की मान वर होईना.

परीक्षकांनी एकेकाला विचारलं, सगळ्यात जास्त काम कोणाचं? प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं. वंदनाने चेतनचं, चेतनने रोशनचं, असं फिरत राहिलं.

"आणि तुमच्या सरांचं काम काय होतं?"

बारा जण पहिल्यांदाच अडकले. शेवटी रोशनने धीर केला. "सरांनी भांडणं मिटवली जी. रोज एक."

"कोणाची?"

"आमची. झाली नव्हती, तरी मिटवली."

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी फक्त खिशातला पेन काढून माझ्या हातात दिला. मी नोटीस बोर्डावरचा कागद आणला, सगळ्यांसमोर बारा शून्यं खोडली आणि नवे गुण लिहिले. वंदनाला दिले तेवढेच सगळ्यांना. त्यांनी बाजूला आपली सही केली. मग त्या बारा जणांनी चारही पडदे मोजून वीस मिनिटांत टांगले. मी बाजूला उभा राहून शर्ट झटकत होतो.

निकाल लागला. वंदना शाळेत रुजू झाली. पेढे घेऊन आली तेव्हा तिचे वडील पण सोबत होते. त्यांनी माझा हात धरून आभार मानले, आणि मला कुठे बघावं ते कळेना.

परवा तिचा फोन आला.

"सर, इथं पोराइले गटात काम देऊन राहिली मी. बाकीच्या शिक्षकाइले बी दोन भागात शिकवाचं हाये, सहकार्याचे गुण कसे द्याचे ते. तुमचा तो कागद हाये का जी, लाल शाईवाला?"

माझी छाती फुगली की नाही? शेवटी शिष्य गुरूकडेच येतो. मी म्हटलं, "आहे, आहे. जपून ठेवला आहे. कितव्या भागात वापरणार?"

"पयल्याच भागात, सर. त्या भागाचं नाव हाये, असं करू नये."

मी फोटो काढला. खालची माझी सही तेवढी झाकून पाठवू का, असं हळूच विचारलं.

"नका जी झाकू सर," ती म्हणाली. "सही नसन तं कोणी खरंच मानणार नाही."